एकशे सतरा

एकशे सतरा चार आठवडे आला नाही.
डॉक्टरीणबाईंनी वहीत त्याच्या नावापुढे,
नाव कुठलं, आकड्यापुढे,
लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं
आणि म्हणाल्या, ब्वीरे, बघून ये.

अभ्यासातून माणसं गळू लागली की माझं काम सुरू होतं.
कुणी लग्न करून म्वांझा सोडतं, कुणी सोन्याच्या खाणीवर जातं,
कुणाला दर महिन्याला सुई नको होते,
कुणी मरतं आणि कळवायचं राहून जातं.
मी दारं शोधतो. औषधातलं मला
फारसं कळत नाही.

सकाळची फेरीबोट. उकेरेवे बेटापर्यंत तीन तास आणि वर काही.
मांडीवर बर्फाची पेटी, पेटीत रिकाम्या नळ्या,
शेजारी कोंबडी कुशीत घेऊन झोपलेली बाई.
एका वळणावर कोंबडीने माझ्याकडे पाहिलं,
जणू सहीच मागत होते मी तिची.

न्यांगेटाचं घर खडकाला पाठ टेकून उभं.
वाळूत डागा वाळत घातलेले, बोटाएवढे, चांदीचे,
आणि राखणीला बसलेला एकशे सतरा:
वय सात, डोळ्यांत हळद,
हातात काठी, कावळ्यांशी उभं वैर.
त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात
आणि जिथे अडतात तिथे तो रात्रभर ओरडतो.
आज ओरडत नव्हता.

न्यांगेटाने न विचारता डबी पुढे केली.
रिकामी. तारखांशी ताडून पाहिलं:
अठ्ठावीस दिवस, अठ्ठावीस गोळ्या.
हिशोबात एक दाणा कमी-जास्त नाही.
मग आली का नाहीस?

तिने घराच्या दाराकडे पाहिलं.
दारात पर्पेटुआ उभी होती, वय चौदा,
तेच डोळे, तीच हळद.
बारा वर्षांपर्यंतचेच घ्यायचे, असा नियम.

"एक दिवस याला, एक दिवस तिला," न्यांगेटा म्हणाली.
"तूच सांगितलं होतंस, अंगठा घेताना.
गोळीत औषध असेल, नाहीतर नुसतं पीठ.
तुलाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.
मग जे असेल-नसेल ते मी दोघांत वाटलं.
एका कुशीतली दोन. एकाला ताट वाढायचं
आणि दुसरीला म्हणायचं, तू बघत बस?"

मी काहीच बोललो नाही. सांगता आलं असतं
की असं केल्याने सगळे आकडे बिघडतात,
की हजार मुलांसाठी एका मुलाने
एकट्याने गिळायचं असतं.
हे मला पाठ आहे. प्रशिक्षणात दोनदा सांगितलंय.

नळीत रक्त घेतलं. त्याने डोळे मिटले नाहीत.
पर्पेटुआने आपण होऊन बाही वर केली.
"तुझं नको," मी म्हणालो.
"का? माझा आकडा काय?"

बोटीत बसून फॉर्म भरला.
न येण्याचं कारण, एकावर खूण करा:
स्थलांतर. नकार. मृत्यू. इतर.
इतरपुढे बोटभर रेघ.
त्या रेघेवर मी लिहिलं, बहीण.
बोट हलली, तेव्हा वेलांटी जरा लांबली.

डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला,
आणि पर्पेटुआला नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागात
मंगळवारी आणायला सांगितलं. ते वेगळं खातं.
तिथे आकडे नसतात, रांग असते.
दोन मंगळवार ती आली. तिसऱ्याला बोट बंद होती.

पुढच्या वर्षी अहवाल छापून आला.
त्यात एक चौकट आहे, बाण येऊन थांबतात तिथे:
वगळलेले, तीन.
त्यातला एक मला ठाऊक आहे. कावळे हाकतो.
बाकी दोघांची दारं
दुसऱ्या कुणीतरी शोधली असतील,
आणि त्या दारांत कोण कोण उभं होतं
हे विचारायला मी अजून गेलेलो नाही.