नोखदा हॉटेल, मनामा

सतरा खोल्या, दोन जिने,
आणि एक लिफ्ट, जी बसवल्या वर्षीच
दुसऱ्या मजल्यावर कायमची राहायला गेली.
आधी इथं मोत्यांची वखार होती म्हणतात.
मोती गेले, तराजू राहिला.
त्याच्या पारड्यात आम्ही किल्ल्या टाकायचो.

मी इसाक मुकादम, दाभोळचा. रात्रपाळीचा कारकून.
नोखदा म्हणजे गलबताचा धनी, आमच्याकडचा नाखवा.
पाटीचा अर्थ कळला तेव्हा वाटलं,
चला, कुणीतरी ओळखीचं निघालं.

लिहिणारी-रंगवणारी माणसं इथं का यायला लागली?
मालक हाजी बू-जाबिर सांगायचे, चहामुळे.
मला विचाराल तर उधारीमुळे.
पहिला आला मुहर्रकचा शाळामास्तर जासिम.
घरात सात पोरं. म्हणाला, खोली नको,
दुपारी दोन ते पाच एक खुर्ची द्या.
खुर्चीचं भाडं कुठल्या सदरात लिहायचं?
मी 'किरकोळ'मध्ये टाकलं.
त्या किरकोळातून पुढं दोन कवितासंग्रह निघाले.

मग खार्टूमचा अब्दुलबाकी. नावातच बाकी.
कादंबरीतलं माणूस मेलं की त्या रात्री जेवायचा नाही,
आणि जेवणाचे पैसे वजा करा म्हणून भांडायचा.
एक आंधळा ऊदवाला होता, सुलेमान.
तार जुळवत म्हणाला, आज मकाम सबा.
मी वहीत लिहिलं: मुक्काम, एक रात्र.
कुणीतरी त्याला ते वाचून दाखवलं.
सगळे हसले. तो नाही हसला.
म्हणाला, राहू दे, बरोबर आहे.

तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता.
समुद्राकडच्या खोलीला रोजचा अर्धा दिनार जास्त.
मग भराव टाकायला लागले. रात्रंदिवस लॉऱ्या.
जासिम खिडकीत उभा राहून मोजायचा,
आज समुद्र तीन लॉऱ्या मागं गेला.
शेवटी दिसेनासाच झाला, तरी हाजी अर्धा दिनार सोडेनात.
खोली आहे तिथंच आहे ना, म्हणाले,
समुद्र गेला त्याला मी काय करू?

बसऱ्याची नजात अकरा नंबरमध्ये राहायची.
तीन महिन्यांचं भाडं थकलं, तेव्हा तिनं
खिडकीच्या काचेवर समुद्र काढून दिला.
निळा नव्हे. गढूळ, भरतीच्या वेळी
आमची दाभोळची खाडी असते तसा.
मी तिला तसं सांगितलं.
खाडी नाही आणि समुद्रही नाही, ती म्हणाली,
हा शत्त-अल-अरब. मला दुसरं पाणी येत नाही.
हाजींनी भाडं माफ केलं
आणि अर्धा दिनार चालू ठेवला.

नव्वद सालच्या जुलैत ती आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला गेली.
दहा दिवसांनी येते म्हणाली. ब्रश पाण्यात भिजत ठेवले होते.
ऑगस्टमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.
पाणी मी बदलत राहिलो,
किती दिवस, ते लिहिलेलं नाही.
वहीत तिच्या नावापुढं निघाल्याची तारीख
अजून कोरी आहे.

आता इथं बँकेचं पार्किंग होणार.
हाजींचा नातू ह्यूस्टनहून आला. मुलगा चांगला आहे.
विचारलं, काका, जुन्या वह्यांत काही येणं?
म्हटलं, नाही. सगळे चुकते करून गेले.

पाडायला आलेल्यांत एक पोरगा बारिसालचा.
अकरा नंबरची चौकट उचकटताना थांबला.
हातातली पहार खाली ठेवली.
ही आमची नदी, म्हणाला. इथं कशी?

मी काहीच बोललो नाही.
काच दोघांनी उचलली, एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे,
आणि लिफ्ट बंद, म्हणून जिन्यानं निघालो.
वळणावर माझा पाय अडखळला.
सावकाश, चाचा, तो म्हणाला,
सांडेल.