रकान्यात रेघ

उपकेंद्राच्या खिडक्यांना मी घोंगड्या लावल्या आहेत.
आत यंत्र, स्टूल, हनुवटी टेकवायची पट्टी.
बाहेर बेनोड्याच्या रस्त्यावर संत्र्यांचे कॅरेट भरतायत.

"मले त सगळं दिसते," कौतिकाबाई कडू दारातूनच म्हणते,
"सुईत दोरा ओवतो मी. मंग काहून बलावलं?"

दिसतं, म्हणूनच.

हनुवटी टेकवा. हिरव्या ठिपक्याकडे बघा. पापणी लवू देऊ नका.
पडद्यावर उगवतो तिच्या डोळ्याचा तळ,
मृगबहाराच्या सालीसारखा केशरी,
एका कडेला फिकट चकती,
चकतीत उथळ वाटी.
इथूनच नस आत जाते
बावन्न वर्षांचं पाहिलेलं घेऊन, चुलीच्या धुरासकट.
उजवा शून्य पॉइंट तीन.
डावाही तेवढाच.

काचबिंदू ही वाटी कोरत जातो.
दुखत नाही.
बांधावरून गुरं शिरावीत तसा कडेकडून अंधार येतो
आणि माणूस मधलं पीक बघून निर्धास्त.
किती कोरलं हे सांगायला
आधी किती होतं ते ठाऊक हवं,
आणि यंत्राच्या पोटातले आकडे
परमुलखातल्या डोळ्यांचे.

माझ्या वडिलांची वाटी पहिल्यांदा मोजली
तेव्हा ते कप बशीच्या बाहेर ठेवू लागले होते.
डॉक्टर म्हणाले, पूर्वीचं काही आहे?
घरात सातबारा होता, लग्नाचा फोटो होता,
विहिरीच्या मोटारीची पावतीसुद्धा होती.
चांगल्या डोळ्याचा कागद कोण ठेवतो?

हे मी तिला सांगत नाही.
ती पदरानं थेंब पुसते.
"मंग मी कोन्या नंबरात?
मंडीत बारा वर्सं परतवारी करतो मी.
नवी पोरगी आली का तिले आधी सडकं नाई दाखवत,
दिवसभर चांगलंच देतो हातात.
सांजच्याला सडकं आलं
का तिची बोटंच थांबतेत."

मी तिच्या बोटांकडे बघते. मग कागदाकडे.
'आजार' या रकान्यात रेघ मारते,
एकशे अठ्ठाविसावी.

पुढचा सदू भलावी स्टुलावर बसलाय,
टोपी मांडीवर, श्वास रोखून, परीक्षेला बसल्यासारखा.

दारात कौतिकाबाई थबकते.
थेंबांनी बाहुल्या मोठ्या झाल्यात, उन्हात नुसतं पांढरं.
चौकट चाचपत ती हसते,
"चांगले डोये होते ना वं माहे!"

येईल परत, मी म्हणते. संध्याकाळपर्यंत.
हे वाक्य मला
फार कमी वेळा म्हणता येतं.