तोनेपाशी

भट्टीत वाकल्यावर घाम येणारच.
तेवीस वर्षं मी या मातीच्या तोंडात
कंबरेपर्यंत उतरते, शोती भिंतीला थापते,
आकडीने ओढून काढते.
कुताइसीच्या आमच्या गल्लीत मला ओळखतात
ते भाजलेल्या मनगटांवरून.

पण हा घाम निराळा.
पहाटेचे तीन, खिडकीबाहेर बर्फ,
आणि माझ्या छातीत कुणी सरपण सारतंय.
मान, कान, टाळू.
मग एकदम गार,
गाऊन पिळून काढावा असा.

त्सियालाला सांगितलं.
तिने चेहऱ्यापुढे हात हलवला, वारा घातल्यासारखा.
तेवढंच तिचं उत्तर.

दोनदा कणकेत मीठ विसरले.
म्हातारा वाख्तांगी पाव परत घेऊन आला,
बोलला काही नाही, नुसता फळीवर ठेवला.
मी त्याच्यावर खेकसले,
आणि मागे पिठाच्या पोत्यावर बसून रडले.
पाव इतका का लागला, कोण जाणे.

पिठाच्या हिशेबाच्या वहीत
मी दर महिन्याला कोपऱ्यात फुली मारायची.
चौदा महिने कोपरा कोरा.
सुटले, म्हटलं.

मग मार्चमध्ये एक डाग.
मुगाच्या दाण्याएवढा.
नणंद हसली, तरुण झालीस गं लामारा!
तिने पेलाही भरला.
मी हसले, पण मनात पाल चुकचुकली
ती रात्रभर चुकचुकत राहिली.

डॉक्टर इंगाने चष्मा काढला.
“वर्ष उलटून गेल्यावर येते ती पाळी नव्हे.
एक थेंब असो, ते का आलं हे बघायचं.
बहुतेकदा साधंच निघतं.
पण बहुतेकदाच्या भरवशावर मी कुणाला घरी पाठवत नाही.”
सोनोग्राफी केली. आतला एक कण
बाटलीत घालून तपासायला पाठवला.
मग विचारलं, झोप?
दोन वर्षं धड नाही, म्हटलं.
“आणि ते सांगायला डाग पडावा लागला?
त्यावरही औषध असतं, बाई.
सोसण्याचं बक्षीस कुणी देत नाही.”

अहवालाला नऊ दिवस.
आज सहावा.

खिडकीपाशी त्सियाला. तीन शोती, नेहमीच्या.
पैसे मोजता मोजता, खाली बघत,
“मलाही दिसतंय. जानेवारीपासून.”
तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली.

मी ॲप्रन सोडला.
भिंतीवर आठ शोती होत्या,
जळू देत म्हटलं.

वाटेत तिने माझा हात धरला नाही,
तिला तशी सवय नाही.
तिची पिशवी तेवढी माझ्या कोपराला लागत राहिली,
रिओनीच्या पुलापर्यंत,
आणि पुलाच्या पुढेही.