कर्मणी प्रयोग

‘नमुने गोळा करण्यात आले.’
असं लिहिलं की वाक्य स्वच्छ दिसतं,
हातमोजे घालून लिहिल्यासारखं.
कोणी केले, ते विचारायचं नाही.
व्याकरणातही याला प्रयोगच म्हणतात,
कर्त्याला धक्क्यावर ठेवून निघालेला.

चिलोए बेटाच्या दक्षिण टोकाला, केयोनमध्ये,
प्रयोगशाळा म्हणवून घेणारी आमची पत्र्याची शेड.
ऑगस्ट. शेगडीत ओलं लाकूड, धूर फार, ऊब बेताची.
सारांश अडीचशे शब्दांत बसवायचा,
माझे दोनशे त्र्याण्णव.
‘अत्यंत’ गेलं.
‘प्रथमच’ गेलं, त्याला तसाही पुरावा नव्हता.
‘विशेष म्हणजे’ दोनदा होतं, दोन्ही गेली.
तरी सतरा शब्द शिल्लक, खडकाला कालवं चिकटावीत तसे.

संदर्भ एकोणसाठ.
त्यातल्या एकाचा पृष्ठक्रमांक चुकलाय,
कुठल्या, ते मला रात्री तीनला आठवेल.
आकृती तीन: अकरा वर्षं, दर मंगळवार,
लाल भरतीच्या पेशी, लिटरमागे किती.
चढत जाणारी रेघ आणि रेघेवर एक चांदणी,
शून्य पूर्णांक शून्य चार.
त्या चांदणीच्या भरवशावर
मी पुढच्या तीन वर्षांचा पगार मागितलाय.

लेखकांच्या यादीशी अडखळले.
होडीवाले डोन अर्तेमिओ मान्सिया
आभारांत होते, शेवटून दुसऱ्या ओळीत,
शीतपेटी उसनी देणाऱ्या शाळेच्या जरा वर.
मी त्यांना उचलून चौथ्या जागी आणलं.
पोर्टल लाल अक्षरांत म्हणालं:
ईमेल पत्ता आवश्यक.

म्हणून लॅपटॉप पोटाशी धरून त्यांच्या घरी.
नात यास्नानं पत्ता काढून दिला,
पासवर्ड होडीचं नाव.
मग मी फॉर्म वाचून दाखवला:
‘या लेखातील मजकुराची जबाबदारी मी घेतो.’
त्यांनी मातेचा पेला खाली ठेवला.
‘जबाबदारी म्हणजे सही?’
‘म्हणजे उद्या कुणी विचारलं, तर उत्तर द्यायचं.’
‘मग दाखवा.’

चष्मा लावला. दोरानं चिरलेलं बोट
रेघेवरून चालत गेलं,
पाण्याखालचा खडक चाचपावा तसं.
सगळ्यात उंच ठिपक्याशी थांबलं.
‘हा कुठला मंगळवार?’
मी तारीख सांगितली.
‘त्या दिवशी मी आत गेलोच नाही.
ओर्तेन्सियाला इस्पितळात नेलं होतं.
परतलो तेव्हा अंधार. बाटली इथंच भरली,
धक्क्यावरून वाकून.’
जरा वेळानं: ‘तुम्ही कधी विचारलं नाहीत.’

खरंच नव्हतं विचारलं.
आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

शेडमध्ये परतून तो ठिपका काढला.
गणित पुन्हा चालवलं, मग उगाच आणखी एकदा.
शून्य पूर्णांक शून्य सात.
चांदणी पुसली.
रेघ अजून चढतेय,
फक्त आता शपथेवर सांगत नाही.
‘सिद्ध होते’च्या जागी ‘असे दिसते’.
‘निर्विवादपणे’ काढलं, मग त्याच्या मागचं अख्खं वाक्य,
आणि सारांश दोनशे अठ्ठेचाळीसवर आला.
हसावं की काय, कळेना.

शेवटी पद्धतीच्या पहिल्या ओळीकडे गेले.
‘नमुने अ. मान्सिया यांनी गोळा केले.
एक नमुना धक्क्यावरचा असल्याचे
त्यांनीच सांगितल्याने वगळला.’
प्रयोग अजून कर्मणीच,
भूतकाळात कर्म असलं की मराठीला दुसरा सुचत नाही;
पण कर्ता वाक्यात आहे,
ओल्या बुटांसकट.

पहाटे पाचला ‘सादर करा’ दाबलं.
चाक फिरलं, फिरत राहिलं, मग अक्षरं आली:
सर्व सहलेखकांच्या संमतीची प्रतीक्षा.
तिघांची आली. एकाची बाकी.

खिडकीतून पाहिलं. धक्का रिकामा.
आज मंगळवार.
ते खाडीत आहेत, बाटली घेऊन,
आणि तिकडे रेंज नसते.