नकाशावरचा ठिपका

अर्ज आमच्याच भाषेत होता,
तरी बाबांना मी तो दोनदा वाचून दाखवला.
मेंढ्या-शेळ्यांसाठी अनुदान. साठ टक्के त्यांचे,
चाळीस आपले. शेवटची तारीख शुक्रवार.
बाबा चीजच्या पखालीचं तोंड आवळत होते,
दातांत दोरी धरूनच म्हणाले, चाळीस कुठले?
मग गाठ मारून झाल्यावर : लिही.

नाव तोर्घ्वा उजिलाउरी. वय त्रेसष्ट.
शिक्षणाच्या रकान्याशी मी थबकले.
उजेडात ते मेंढी तोंडावरून ओळखतात,
धुक्यात खोकल्यावरून.
त्याला चौकोन नव्हता.
मी आठवीवर खूण केली.

मग शेताचं ठिकाण.
नकाशा उघडतो, त्यावर ठिपका ठेवायचा, एकच.
दुसरा ठेवला की पहिला पुसून जातो.

उन्हाळ्यात आम्ही ओमालोच्या वरच्या कुरणात,
थंडीत खाली शिराकीच्या माळावर,
मधे नुसती वाट.
अलवानीत घर आहे, तिथे आई असते
आणि एकही मेंढरू नसतं.
ठिपका ओमालोवर ठेवला तर आम्ही आठ महिने खोटे,
शिराकीवर ठेवला तर पाच.

बाबांनी फोन मागितला,
नुकतं जन्मलेलं कोकरू घ्यावं तसा दोन्ही हातांनी घेतला,
आणि भेगाळलेल्या बोटानं
ठिपका अबानोच्या खिंडीत नेऊन टेकवला.
"जाता-येता इथून जातोच की.
इथं आपण खोटे पडणार नाही."

मी हसले. पाठवूनही दिला.

ऑक्टोबरात ती खरंच खिंडीत येऊन उभी राहिली,
तेलावीहून, तपासनीस बाई, ग्वांत्सा नावाची,
माझ्याहूनही लहान, पायात पातळ शहरी बूट,
टॅबलेट पावाच्या पिशवीत गुंडाळलेला.
सकाळपासून थांबली होती.
ड्रायव्हर तिला सांगून थकला,
इथं शेत नाही, कधी नव्हतंच.
ती म्हणत राहिली, कागदावर आहे.

आधी घंटा आली.
मग घंटेखाली ब्रिगादीर, आमचा म्होरक्या बोकड,
आणि त्याच्या मागे धुकंच चालत यावं
तशी मेंढरं.

मोजायचं म्हटल्यावर कोण थांबतंय?
बाबांनी अरुंद जागी काठी आडवी धरली, गुडघ्याएवढी.
एकेक मेंढी तिच्यावरून उडी मारत गेली,
ग्वांत्साचे ओठ हलत राहिले.
शंभरेक गेल्यावर बाबांनी काठी काढून घेतली,
पाइप पेटवला.
तरी त्या उड्या मारतच होत्या,
नसलेल्या काठीवरून, तितक्याच उंच,
आणि ती मोजत होती.

दोनशे एकोणतीस, ती म्हणाली.
दोनशे एकतीस, बाबा.
"मग दोन गेल्या कुठे?"
"तुम्ही शिंकलात तेव्हा गेल्या.
एकीचा कान फाटका आहे, दुसरी तिची लेक."
तिनं बाबांकडे पाहिलं, नाक पुसलं,
आकडा खोडून पुन्हा लिहिला.
सात बोकड 'इतर'मध्ये गेले,
ब्रिगादीरही, जो साऱ्यांना घेऊन आला होता.
निघताना आम्ही तिला गरम दूध दिलं.
ते तिनं नोंदवलं नाही.

जानेवारीत पहिला हप्ता आला.
खर्चाचं शीर्षक : कायमस्वरूपी कुंपण.
बाबांनी पत्र उलटं करून पाहिलं,
मागे काही समजुतीचं लिहिलंय का म्हणून.
"कशाभोवती?" त्यांनी विचारलं. "ठिपक्याभोवती?"

चाळीस टक्क्यांसाठी आईनं गालिचा विकला, मोठा, लाल.
त्यावर आम्ही बोलत नाही.

तारेची भेंडोळी शिराकीला गोठ्यामागे पडली आहेत.
लांडगा त्यांना वळसा घालतो म्हणे,
हे कुत्र्यांचं मत.
मे महिन्यात आम्ही वर निघू, भेंडोळी इथेच राहतील.

दुसऱ्या हप्त्यासाठी फोटो मागितलाय,
कुंपण स्पष्ट दिसलं पाहिजे.
काल काढला.
सगळ्यांत वरच्या भेंडोळ्यावर चारी पाय जुळवून
ब्रिगादीर उभा आहे, पाठ आमच्याकडे,
तोंड डोंगराकडे.
तार शेपटीपाशी थोडी दिसते.