चार हजार अठरा रात्री

रिसेप्शनवरच्या पोरीने फॉर्म पुढे सरकवला.
छातीवर नावाची पट्टी : सालोमे.
आम्ही इथून गेलो तेव्हा ती जन्मलीही नसेल.
"याआधी आमच्याकडे राहिला आहात?"
आईने कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
'हो'वर खूण केली,
आणि 'किती रात्री'च्या चिमुकल्या चौकटीत मावेना
म्हणून कडेकडेने, वर चढत लिहिलं :
४०१८.
पोरगी गोड हसली. तिला वाटलं, म्हातारीचा हात घसरला.

तीनशे सात. आता त्याला 'गार्डन स्वीट' म्हणतात.
दाराला कार्ड लावायचं. मी लावलं,
आणि आईने सवयीने खांदा दिला.
ओल धरून फुगणारं दार होतं ते.
आता फुगत नाही.
ती जवळजवळ आत कोसळलीच.

सामान आणणारा मुलगा कौतुकाने दाखवत होता,
"हा संगमरवरी टब मूळचा आहे, बाई. जुन्या काळचा."
"ठाऊक आहे," आई म्हणाली,
"दोन पोती बटाटे मावतात."

ओचामचिरेहून, समुद्र पाठीशी टाकून,
बर्फातून डोंगर चढून, उतरून
त्सखाल्तुबोला पोचलो होतो.
पंधरा दिवसांची सोय, असं सांगितलं होतं.
पहिल्या हिवाळ्यात आम्ही जमीन जाळली.
ओकच्या पट्ट्या, माशाच्या काट्यासारख्या बसवलेल्या,
खिडकीपासून सुरुवात केली, भिंतीकडे सरकत गेलो.
दारापाशी चार पट्ट्या आईने हट्टाने ठेवल्या.
कुणी आलं गेलं तर
त्याला उभं कुठे करायचं?

शेगडीचा पाइप खिडकीच्या काचेतून बाहेर.
छताला प्लास्टरचे द्राक्षाचे घोस, काजळलेले.
शेजारच्या तीनशे आठमध्ये वालिको,
त्याच्या गॅलरीत चार कोंबड्या आणि एक कोंबडा
जो वेळ बघून कधीच आरवला नाही.

भिंतीला आता फिकट रेशमी कागद आहे.
खाली बादरीची उंची असेल, पेन्सिलच्या रेघांत.
मी नखाने चाचपून पाहिलं. गुळगुळीत.

बाबांची खाट होती तिथे छोटा फ्रीज आहे.
आईने तो उघडला. बंद केला. पुन्हा उघडला.
आत तीन बाटल्या, खारे बदाम
आणि एक दिवा, दार उघडलं की लागणारा.
"बंद केल्यावर विझतो का गं?"
मी म्हटलं, विझतो.
"नक्की?"

मी थेस्सालोनिकीत एका म्हातारीचं सगळं करते.
तिच्या दोन महिन्यांच्या अंघोळी म्हणजे
ही एक रात्र, नाश्त्यासकट.
आईला आकडा सांगितलेला नाही.
विचारते, मी निम्मा सांगते,
त्यावरही ती गालावर हात मारून घेते.

पलंगावर सहा उशा.
पाच माणसांत आमची एक होती, तीही आजारी माणसाला.
आईने सगळ्या खुर्चीत रचल्या
आणि पलंगाच्या अगदी कडेला निजली,
चौघांची जागा सोडून.
मध्यरात्री म्हणाली,
"काही ऐकूच येत नाही.
वालिकोला काही झालं तर कळणार कसं?"
वालिकोला आम्हीच पोचवला होता, शेवटच्या हिवाळ्यात,
कोंबड्या वाटून घेतल्या होत्या.
ते तिला माहीत आहे.
तरी भिंतीला कान लावून
बराच वेळ बसून राहिली.

सकाळी मी उठले तर पलंग आवरलेला,
टॉवेलांच्या घड्या, टब पुसून कोरडा,
जसं काही दहा वाजता
दुसरं कुटुंब यायचंय.

सालोमेने पुन्हा एक कागद दिला :
मुक्काम कसा वाटला? पाचपैकी किती तारे?
पुढच्या पाहुण्यांसाठी काही?
ताऱ्यांकडे आईने पाहिलंच नाही.
जीभ दातांत धरून, सावकाश लिहिलं :
पहाटे नळ आधी खोकतो.
घाबरून बंद करू नका. पाणी येतं.