जास्तीचे नग

रूळ, सरळ, वीतभर लांबीचे : त्रेसष्ट.
रूळ, वाकडे : एक्केचाळीस, पैकी सहा गंजके.
सांधे : चहाच्या डब्यात, मोजलेले नाहीत.
इथवर लिहून पेन खाली ठेवलं.

बत्तीस वर्षं एस.टी.च्या भांडारात
पट्टे, टायर, ब्रेकचे लायनर मोजले.
जे चालेनासं झालं
त्याच्यापुढे लिहिलं, निर्लेखित,
आणि खाली सही. बा. वि. तुळसकर.
हात कधी अडला नाही.

वेंगुर्ल्याला रेल्वे आली नाही.
कुडाळावरून गेली, आतल्या अंगानं,
पाहुण्यानं पाणंदीतून जावं आणि हाकही मारू नये, तशी.
मग मी ती माडीवर आणली.
जांभ्याची वस्त्रगाळ पूड डिंकात कालवून
कातळ केला.
काथ्या पिंजून हळदीत आणि मग निळीत बुडवला,
त्याचं गवत झालं.
आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल, खाली काचेची खाडी.
खारा वारा रात्री रुळांवर येऊन बसायचा,
सकाळी मी रॉकेलचा बोळा फिरवायचो.
प्रभा म्हणायची,
देवांना तरी एवढं पुसता काय?

सुलक्षा आलीय. सुट्टीला नव्हे.
दोन शिलाई मशिनं, एक ओव्हरलॉक,
आणि कुणी काही विचारू नये असा चेहरा घेऊन.
उजेड माडीवरच चांगला.
तिनं काही मागितलं नाही.
मीच टेबलाचं माप घेतलं,
मध्यावर पेन्सिलीनं रेघ मारली,
रेघ बोगद्यातून गेली.

पुण्याहून एकाचा फोन :
इंजिनांची मूळ खोकी आहेत का?
खोक्यांत आमसुलं गेली, म्हटलं, केव्हाच.
त्यानं फोन ठेवला.

गुणाजी कुबल आला, जाळी वाळत टाकून,
इंजिन उलटं करून पोटात बघितलं.
'काका, माका गाडी नको, मोटर होयी.
चवथीक कालिया फिराक होयो.'
दोन मोटारी दिल्या. किंमत सुचेना.
भांडारात ती छापील असायची.

फिलोमिनाबायनं झाडं नेली, एकोणीस,
नाताळच्या गोठ्याला.
सगळी सुरूची, मी समुद्राकडे बघून केलेली.
बेथलेहेमात यंदा सुरूचं बन.
पैशांऐवजी तिनं दोदोल ठेवला,
प्रभानं तो नोंदवायच्या आत संपवला.

आणि आरवलीहून सायकल मारत आलेलं एक पोर,
आठवीतलं, घामेजलेलं.
त्याला सिग्नल हवा होता.
'हिरवा लागतो?'
'नाय. त्याची वायर खाल्ली मिठानं.'
'तांबडो?'
'तो लागतो.'
'मग चलात,' म्हणाला,
'आमच्या खोलयेच्या दारार लावतंय.'
दहाची नोट चार घड्या घातलेली.
मी ती अजून उलगडलेली नाही.

करवत चालली तेव्हा भुसा कातळावर पडला,
कातळावर, खाडीवर, माझ्या चपलांवर.
गाडी पूर्वी गोल फिरायची,
कुठूनही निघाली तरी कुठेच पोचायची नाही,
आणि मी वीस वर्षं त्यालाच प्रवास म्हणायचो.
आता भिंतीपासून निघते,
शिलाई मशिनाच्या पायाशी थांबते,
खटका उलटा केला की मागे येते.
दोन्ही टोकांना मी टाचण्यांच्या डब्या लावल्यात,
पडू नये म्हणून.

सुलक्षा मान वर करत नाही.
पण गाडी जवळ आली की
तिचं पायडल जरा मंदावतं,
किंवा मला तसं वाटतं.

काल उघड्या वाघिणीत एक बॉबिन होती,
निळ्या दोऱ्याची.
माझ्या टोकाला येऊन थांबली.
मी ती तशीच परत पाठवली.

वाघिणी, उघड्या : चार.
चार खोडून तीन केले.
मग यादीतली ओळच खोडली,
खाडाखोड झाली की शेजारी सही करायची असते,
म्हणून केली.

पुणेकराचा पुन्हा फोन येतोय.
सांधे अजून मोजायचे राहिलेत.